दगडी झाली तर कोरफड-हळद-चुन्याचा लेप कसा करायचा, आणि कधी तो करत बसायचं नाही

सकाळी धार काढायला बसलात आणि रोज गप उभी राहणारी गाय पाय उचलायला लागली, कासेला हात लावला की अंग चोरायला लागली, तर तिला शिव्या घालू नका, आधी चारी सड हाताळून बघा. एक सड बाकीच्यांपेक्षा गरम लागतोय का, त्या बाजूची कास टणक झालीय का, पहिल्या धारेत दह्यासारख्या बारीक गुठळ्या येतायत का. असं असलं तर ती दगडी. कोण कासदाह म्हणतं, डॉक्टर लोक मस्टायटिस म्हणतात, सगळं एकच. सडाच्या तोंडातून जंतू आत शिरतात आणि दूध म्हणजे त्यांना आयतं जेवण, त्यामुळं सकाळी थोडं वाटलेलं संध्याकाळपर्यंत कास दगड करून टाकतं. म्हणून तर नाव दगडी.

यावर कोरफड, हळद आणि चुन्याचा लेप आता बऱ्याच जणांना ऐकून माहिती असतो, पण निम्मे लोक तो चुकीचा करतात आणि मग "काय उपयोग झाला नाही ओ" म्हणतात. मी आधी तेच करायचो. हा काय कुठल्या बाबाचा नुस्खा नाही. तामिळनाडूच्या पशुवैद्यक विद्यापीठातल्या डॉ. पुण्यमूर्ती आणि त्यांच्या लोकांनी जुनी गावठी औषधं गोळा करून, मापं ठरवून, जनावरांवर वापरून बघितली आणि पुढं आणंदच्या एनडीडीबीनं, म्हणजे राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानं, ती देशभर दूध संघांमार्फत पसरवली. म्हणजे मापाला अर्थ आहे, अंदाजपंचे चिमूटभर हळद फासून चालत नाही.

एका जनावराला एका दिवसाचं माप असं: कोरफड २५० ग्रॅम, हळद पावडर ५० ग्रॅम, चुना १५ ग्रॅम. आणि लिंबं वेगळी, ती लेपात नाही जात, ती गाईच्या पोटात जातात, त्यावर खाली येतो.

कोरफडीच्या पानाच्या दोन्ही कडेचे काटे सुरीनं काढायचे, बाकी पान सालीसकट तुकडे करून मिक्सरमध्ये टाकायचं, नुसता गर काढत बसायची गरज नाही. पानं काट्यावर वजन करून घ्या, कारण कुंडीतल्या कोरफडीची पानं बारीक असतात आणि शेताच्या बांधावरच्या एकाच पानात काम होतं. मग हळद, मग चुना, आणि पाणी न घालता फिरवायचं. फिरवलं की पिवळा रंग जाऊन लालभडक होतो. घाबरू नका, आपल्या आज्या हळदीचं कुंकू करायच्या ते याच गुणावर, हळदीला चुन्यासारखा खार लागला की ती लाल होते. उलट लाल झालं नाही तर समजा चुना कमी पडला, किंवा हळदीत भेसळ आहे. सांगलीच्या बाजारातली शेलम हळद घरी दळून आणली तर रंग बघण्यासारखा येतो, पाकिटातली स्वस्त हळद असली की कधीकधी नुसता विटकरी होऊन बसतो.

चुना कुठला घ्यायचा हे नीट वाचा, कारण इथं माणसं गाईची कास भाजून ठेवतात. पानाच्या टपरीवर मिळतो तो खायचा, विरलेला, मऊ पांढरा चुना घ्यायचा. कळीचा चुना, म्हणजे ते दगडासारखे खडे ज्याच्यावर पाणी टाकलं की फसफसून वाफ येते, तो अजिबात नाही. रंगकामाचा, निळ टाकलेला पण नाही. आणि १५ ग्रॅम म्हणजे साधारण तीन छोटे चमचे सपाट, डोंगर करून नाही. ज्या गाईची कातडी नाजूक आहे, सडाला चिरा पडल्यात, तिला लेप लावल्यावर चुरचुरलं तर ती लाथ मारणारच, तेव्हा पहिल्यांदा थोड्या जागी लावून दहा मिनिटं थांबून बघा, कातडी लाल होऊन फोड आल्यासारखं दिसलं तर धुऊन टाका आणि पुढच्या वेळी चुना कमी करा.

(घरच्या मिक्सरचं भांडं यासाठी वापरू नका. माझ्या घरी अजून त्या पिवळ्या भांड्यावरून ऐकून घ्यावं लागतं. जुनं एखादं भांडं गोठ्यासाठीच ठेवा.)

आता लावायचा कसा. कास आधी स्वच्छ पाण्यानं धुवायची, शेण चिकटलेलं असताना वरून लेप थापून काही होत नाही. धुऊन कोरड्या फडक्यानं टिपायची. मग दुखऱ्या सडातलं सगळं दूध काढून टाकायचं, अगदी शेवटच्या थेंबापर्यंत, हे लेपापेक्षा जास्त महत्त्वाचं आहे. जंतू आणि त्यांचं विष त्या दुधात असतं, ते आत ठेवून बाहेरून काहीही चोळा, काय फरक पडणार. दोन-तीन तासांनी परत काढायचं, रात्री झोपायच्या आधी एकदा काढायचं. हे दूध वेगळ्या भांड्यात, वासराला पाजायचं नाही, मांजराला नाही, आणि गोठ्यात तर मुळीच सांडायचं नाही, लांब खड्ड्यात ओतून वर चुना किंवा फिनेल टाका. मी लोकांना बघितलंय, खराब धार सरळ गाईच्या पायाशी जमिनीवर सोडतात आणि तासाभरानं गाय त्याच जागेवर कास टेकून बसते. मग दुसरा सड गेला की नशिबाला दोष.

दूध काढून झालं की लेपातला एक मूठभर गोळा घ्यायचा, त्यात दीडशे-दोनशे मिली पाणी घालून पातळ करायचा, आणि पूर्ण कासेला, चारी सडांना, मागून पुढून लावायचा. फक्त दुखऱ्या सडाला नाही, पूर्ण कासेला. पातळ असल्यामुळं तो ओघळतो, ओघळू दे. वाळला की परत धुवायचं, परत लावायचं. असं दिवसातून आठ ते दहा वेळा. हो, दहा वेळा. पाच दिवस. इथंच सगळ्यांचं घोडं पेंड खातं. सकाळ-संध्याकाळ दोनदा लावलं आणि म्हणायचं झाडपाला चालत नाही. घरात माणसं कमी असतील, दिवसभर कामाला बाहेर असाल तर खरं सांगतो हा उपाय तुमच्यासाठी नाही, सरळ डॉक्टरला बोलवा. आमच्याकडं आई घरी असते म्हणून जमतं, ती मोबाईलला दर तासाला घंटी लावून ठेवते.

जोराजोरात मालिश करायचं नाही. सुजलेली, गरम कास चोळली की गाईला यातना होतात. सूज ताजी आणि गरम असेल तर मध्ये मध्ये गार पाणी कासेवर सोडा, तिला बरं वाटतं.

लिंबाचं असं की दोन लिंबं मधून अर्धी कापून खायला घालायची, दिवसातून दोन-तीनदा, तीन दिवस. काही गाया आवडीनं खातात, काही थुंकतात, मग भाकरीत किंवा गुळाबरोबर द्या. दुधात रक्त येत असेल तर याच्या जोडीला दोन मुठी कढीपत्ता आणि गूळ वाटून दिवसातून दोनदा खायला द्यायचा, दूध साफ होईपर्यंत. आता कढीपत्त्याला आपल्याकडं कढीलिंब पण म्हणतात आणि कडुलिंब वेगळा, ऐकताना घोटाळा होतो, फोनवर ऐकून कडुलिंबाची फांदी मोडणाऱ्या एकाला मी स्वतः पकडलंय. आणि नुकत्या व्यालेल्या गाईच्या, खास करून पहिल्या वेताच्या, दुधात थोडं लालसर येणं बऱ्याचदा कासेवर ताण आल्यामुळं पण असतं, दगडीच असेल असं नाही, तेव्हा सूज आणि ताप बघून ठरवा.

लेप रोज ताजा करायचा. सकाळी केलेला दिवसभर झाकून सावलीत ठेवला तर चालतो, पण कालचा आज नको, कोरफडीला आंबूस वास येतो. आणि धार काढायच्या आधी कास नीट धुवा नाहीतर दुधात पिवळा रंग उतरतो आणि डेअरीवाला भेसळ समजून कॅन परत पाठवतो.

आता दुसरी बाजू, आणि ही मला जास्त सांगायची आहे.

लेप कातडीवर असतो, जंतू आत दुधाच्या नळ्यांमध्ये असतात. लेपानं सूज उतरते, ठणका कमी होतो, गाय दूध सोडायला लागते, सुरुवातीला धरलं तर बऱ्याच गाया यावरच निभावून जातात, हे मी बघितलंय. पण सूज उतरली म्हणजे जंतू संपले असं नाही. स्टॅफिलोकोकस ऑरियस नावाचा एक जंतू असतो तो कासेत गाठी करून लपून बसतो, त्याला इंजेक्शनचं पण नीट लागत नाही तिथं कोरफड काय करणार. अशी गाय दर दोन महिन्यांनी परत सुजते. त्याच्या उलट कोलाय जातीचे जंतू, शेणातून येणारे, ते तासातासात गाय आडवी करतात. दूध एकदम पाण्यासारखं पातळ, पिवळट, ताप फणफणून, गाय चारा सोडते, कान गार पडतात, बसली तर उठत नाही. अशावेळी मिक्सर लावत बसायचं नाही. फोन उचलायचा. सरकारी फिरत्या दवाखान्याचा १९६२ नंबर आहे, तो किंवा तुमचा नेहमीचा डॉक्टर.

मी हे ठामपणानं सांगतोय कारण माझी एक गाय मी स्वतः खराब केली. संकरित होती, एचएफ म्हणजे होल्स्टीन जातीची, दुसऱ्या वेताची, ऐन श्रावणात मागचा उजवा सड सुजला. त्याच्या आधी दोन गाया लेपानं बऱ्या झाल्या होत्या म्हणून माझ्या डोक्यात हवा. पहिल्या दिवशीच अंग गरम होतं पण मी थर्मामीटर लावला नाही, लावला असता तर कळलं असतं. तीन दिवस लेप, लेप आणि लेप. चौथ्या दिवशी सकाळी बघतो तर सड गार पडलेला आणि निळसर-काळा, हात लावला तर गाईला कळत पण नव्हतं. डॉक्टर आले, काही बोलले नाहीत, नुसतं माझ्याकडं बघितलं. सलाईन, इंजेक्शन सगळं झालं, गाय वाचली, तो सड गेला तो गेलाच. तीन सडावर दूध देते आता. विकायला काढली तर कोण घेत नाही आणि मला विकवत पण नाही.

त्यामुळं आमच्या गोठ्यात आता पद्धत अशी. मेडिकलमधला साधा डिजिटल थर्मामीटर गोठ्याच्या खुंटीला पिशवीत असतो. शेपटीखाली, गुदद्वारात, आतल्या कडेला टेकवून मिनिटभर धरायचा. गाईचं नॉर्मल १०१-१०२ च्या आसपास असतं. १०३ च्या वर गेलं की डॉक्टर, लेप त्याच्या जोडीला. ताप नाही, गाय चारा खातेय, रवंथ करतेय, नुसती सूज आणि गुठळ्या आहेत, तर लेप सुरू करायचा, पण २४ तासांत फरक दिसला पाहिजे. दिसला नाही तर डॉक्टर. हे २४ तासांचं माझं मी ठरवलंय, पुस्तकात काय असेल ते असो.

डॉक्टर आले की त्यांना सांगा काय काय लावलंय, लपवू नका, ते काही खात नाहीत. त्यांनी अँटिबायोटिकची ट्यूब सडात सोडली तर कोर्स पूर्ण करा, दोन ट्यूबमध्ये दूध साफ दिसलं म्हणून तिसरी वाचवून ठेवायची ही आपली सवय फार वाईट. आणि ट्यूब चालू असताना आणि नंतर पाकिटावर लिहिलेले दिवस संपेपर्यंत, बऱ्याचदा शेवटच्या ट्यूबनंतर तीन-चार दिवस, दूध डेअरीला घालायचं नाही. चारी सडाचं, फक्त दुखऱ्या सडाचं नाही. उकळून अँटिबायोटिक जात नाही. खात्री करायची असेल तर घरी विरजण लावून बघा, औषधाच्या दुधाला दही नीट लागत नाही कारण विरजणातले जंतू पण मरतात. पण दही लागलं म्हणजे दूध साफ आहे असा उलटा अर्थ काढू नका, पाकिटावरचे दिवस मोजायचेच. झाडपाल्याचा खरा फायदा इथं आहे बघा, सुरुवातीलाच लेपानं भागलं तर ट्यूब लागत नाही, औषधाचं दूध ओतून द्यायची वेळ येत नाही.

वारंवार दगडी होणाऱ्या गाईचं दूध लॅबला पाठवून कल्चर, म्हणजे त्यातला जंतू वाढवून ओळखायची तपासणी, करून घ्या, जिल्ह्याच्या ठिकाणी होतं. सड स्पिरिटच्या कापसानं पुसायचा, पहिल्या दोन-तीन धारा सोडून द्यायच्या, मग लॅबनं दिलेल्या निर्जंतुक बाटलीत थोडं दूध, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवायचं. कुठलं औषध लागू पडतं ते कळतं, अंदाजानं महागडी इंजेक्शनं मारण्यापेक्षा हे स्वस्त पडतं.

लपलेली दगडी हा अजून वेगळा ताप. सूज नाही, गुठळ्या नाहीत, नुसतं दूध हळूहळू कमी होतं आणि फॅट लागत नाही, आपण म्हणतो पेंड बदलली म्हणून असेल. यासाठी सीएमटीचं, म्हणजे कॅलिफोर्निया मस्टायटिस टेस्टचं, किट मिळतं, चार खणांचा प्लास्टिकचा ट्रे आणि एक जांभळं औषध, प्रत्येक सडाचं थोडं दूध वेगळ्या खणात, तेवढंच औषध, गोल फिरवायचं, जेलीसारखं घट्ट झालं तर त्या सडात गडबड आहे. किट नसेल तर अर्धा लिटर पाण्यात सहा चमचे कपड्याची पावडर विरघळवून तेच करता येतं, तेवढं नेमकं नाही पण कळतं. महिन्यातून एकदा करा, आणि लेपाचे पाच दिवस संपल्यावर आठवड्यानं तर नक्की करा, तेव्हाच कळेल की खरंच बरं झालंय की नुसतं दिसायला. जुने लोक दूध जिभेवर ठेवून खारट लागतं का बघायचे, ते नका करू, कच्च्या दुधातून ब्रुसेला नावाच्या जंतूचा आजार माणसाला होतो आणि वर्षभर सांधे धरून बसायला लागतं.

आणि काही लोक सड मोकळा करायला काडी घालतात, कडुलिंबाची, एरंडाची, कुणी तर छत्रीची तार. मी सांगतो नका घालू. सडाच्या तोंडाला आत एक नाजूक झडप असते, ती फाटली की जंतूंना कायमचा दरवाजा उघडा.

खुरांचं थोडक्यात सांगतो. पावसाळ्यात चिखलात उभं राहून खुरांच्या बेचक्यात कुजतं, घाण वास येतो, गाय लंगडते. आधी कोमट पाण्यात पोटॅशियम परमँगनेट अगदी फिकट गुलाबी होईल एवढंच टाकून खूर धुवायचं आणि कोरडं करायचं. मग तेल. तिळाचं किंवा खोबरेल पाव लिटर घ्या, त्यात मूठभर कडुलिंबाचा पाला, मूठभर तुळस, मूठभर मेंदीचा पाला, खोकलीचा पाला मिळाला तर तो, दहा लसूण पाकळ्या आणि २० ग्रॅम हळद घालून बारीक आचेवर पाला कुरकुरीत होईपर्यंत उकळायचं, गार करून गाळायचं, दिवसातून दोनदा लावायचं. खोकली म्हणजे ते परसात आपोआप उगवणारं तण, ज्याचं मूळ उपटलं की मांजरं मागं लागतात. जखमेत किडे पडले असतील तर आधी सीताफळाचा पाला वाटून लावा नाहीतर खोबरेलात कापूर घालून ते तेल सोडा, किडे बाहेर येतात, चिमट्यानं काढा, मग हे तेल. लाळ्या खुरकूतच्या जखमांना पण हेच तेल चालतं, तो आजार विषाणूचा असला तरी नंतर जखमेत जंतूच माजतात. गोठ्याच्या दारात मोरचुदाच्या पाच टक्के पाण्याची उथळ टाकी केली तर निम्मा त्रास होतच नाही, फक्त जनावरं ते पाणी पीत नाहीत ना बघा.

व्यायल्यावर वार (जार) पडली नाही तर हातानं ओढायची नाही, कुणीही कितीही अनुभवी म्हणवून घेतला तरी. व्यायल्यावर दोन तासांच्या आत एक अख्खा पांढरा मुळा खायला घालतात, आठ तासांत वार पडली नाही तर दीड किलो भेंडी गूळ-मिठाबरोबर. आमच्याकडं मुळा चालतो, भेंडीला गाय तोंड फिरवते. पण बारा तास उलटले, वास सुटला, ताप आला तर गर्भाशयात जंतू झाले समजा आणि डॉक्टरकडं द्या.

घटसर्प, फऱ्या, काळपुळी (अँथ्रॅक्स) यांचं झाडपाल्याशी नाव पण जोडू नका. हे पण जंतूंचेच आजार, पण संध्याकाळी घशाला सूज दिसली की सकाळी जनावर नाही अशी गत. घटसर्प-फऱ्याची लस पावसाळ्याच्या आधी, मे-जूनमध्ये टोचून घ्यायची. काळपुळीनं मेलेलं जनावर कापायचं नाही, सोलायचं नाही, तो माणसाला होतो.

दगडी मुळात होऊ नये म्हणून जे करायचं त्यात औषध फारसं नाहीच. धार मुठीनं काढा, अंगठा मुडपून सड चेमटायची पद्धत सोडा, त्यानं सडाला आतून इजा होते. निरोगी गाया आधी, आजारी गाय सगळ्यात शेवटी, आणि मध्ये हात साबणानं धुवायचे. धार झाली की सड आयोडीनच्या कपात बुडवा. आणि लगेच पुढ्यात वैरण टाका, कारण धार काढल्यावर अर्धा-पाऊण तास सडाचं तोंड उघडं असतं, गाय खात उभी राहिली तर तेवढ्यात ते मिटतं, शेणात बसली तर जंतूंना निमंत्रण. गाय आटवताना पण डॉक्टरला विचारून सडात ट्यूब सोडून मगच आटवा, भाकड काळात बसलेले जंतू व्यायल्यावर वर येतात.

कोरफड मात्र आजच लावा. पाच दिवसांना सव्वा किलो लागते एका गाईला, ऐनवेळी गावात दहा घरं हिंडून पण गोळा होत नाही. गोठ्याच्या मागं जिथं पाणी साचत नाही तिथं पंधरा-वीस रोपं टाकून द्या, मुळाशी येणारी पिल्लं कुणाकडंही फुकट मिळतात. कापताना बाहेरची खालची पानं घ्या, मधला कोंब ठेवा, आणि कापलेलं पान दहा मिनिटं उभं करून ठेवा म्हणजे तो पिवळा चिकट चीक निथळून जातो.